वाचून दाखविलें

जुन्नरच्या आमच्या वाड्यांत, माजघराच्या कोनाड्यांत, आजोबांचें कलमदान अजून आहे. त्यांतली शाई केव्हांच वाळून गेली, बोरूंचीं टोकें बोथट झालीं, आणि वाळूच्या डबींत आतां वाळूऐवजीं शिवणाच्या सुया असतात. परंतु दसऱ्याच्या दिवशीं त्या कलमदानाला गंध-फूल वाहण्याची चाल घरांत चालू आहे. आणि गेलीं कांहीं वर्षें त्याच पाटावर, त्याच्या शेजारीं, सूनबाईचा लॅपटॉपहि पूजेला मांडला जातो. पहिल्या वर्षीं आमच्या वडील वहिनींनीं नाक मुरडलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनींच त्यावर हळदकुंकू वाहिलें, आणि "विजेच्या वस्तूवर पाणी शिंपडूं नका रे," असें मुलांना बजावलें.

सूनबाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची सून. तिचें शिक्षण पुण्यास झालें आणि नोकरीहि तेथल्याच एका कंपनींत लागली; परंतु २०२० सालच्या करोनाच्या सांथींत ती आणि माझा पुतण्या वाड्यावर राहावयास आलीं, तीं येथेंच राहिलीं. सकाळचीं कामें उरकलीं कीं ती माजघराच्या खिडकीशीं बसते आणि तेथूनच पुण्याच्या कंपनीचें काम करते. तें काम कोणतें, हें घरांत कोणालाच नीट सांगतां येत नसे. शेजारणींनीं विचारलें तर वहिनी सांगत, "ती अर्ज लिहिते." हें ऐकून मला हंसूं येई, कारण आमचे आजोबाहि जन्मभर तेंच करीत आले होते.

आजोबा याच तालुक्यांतल्या एका गांवचे कुळकर्णी. १९५० च्या कायद्यानें परगणे व कुळकर्णी वतनें संपुष्टांत आलीं, तेव्हां त्यांनीं दप्तराचे रुमाल सरकारांत जमा केले आणि ते कायमचे वाड्यांत येऊन बसले. मीं त्यांना पाहिलें तें त्यानंतरचें. वतन गेलें तरी गांवचीं माणसें अर्ज लिहून घ्यावयास त्यांच्याकडेच येत. ओसरीवर मांडी घालून ते अर्ज लिहीत, आणि लिहून झाला कीं अर्जदाराच्या डोळ्यांकडे पाहत तो आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्यानें वाचीत. मग खालीं लिहीत, "वाचून दाखविलें, बरोबर आहे." त्यानंतरच अंगठा घेत. जुन्या दप्तरांत कुणब्याची सही म्हणजे नांगराची निशाणी असे. तीहि वाचून दाखविल्यावांचून त्यांनीं कधीं घेतली नाहीं, असें ते अभिमानानें सांगत.

मी दहा-बारा वर्षांचा असतांना एकदां त्यांना विचारलें, "आजोबा, तुम्हींच लिहिलेंत, मग पुन्हां वाचतां कशाला?"

ते म्हणाले, "लिहितांना हात आपल्या संवयीनें चालतो. मोठ्यानें वाचूं लागलें कीं त्याला थांबावें लागतें." आणखी एक गोष्ट ते सांगत. जें ठाऊक नाहीं तें कोरें ठेवावें. कोरी जागा पाहून पुढचा माणूस विचारतो. चुकीचें कां होईना, भरलेलें दिसलें, तर कोणी विचारीत नाहीं.

हें सारें मीं ऐकलें होतें आणि, खरें सांगावयाचें तर, विसरलोंहि होतों. तें पुन्हां आठवण्याचा प्रसंग कसा आला, तेंच आज सांगावयाचें आहे.

पावसाळ्यांतल्या एका संध्याकाळीं वीज गेली होती आणि सगळें घर ओसरीवर जमलें होतें. मीं म्हटलें, "सूनबाई, तूं नेमकें काय करतेस, तें एकदां शाळेंतल्या मुलाला सांगावें तसें मला सांग पाहूं."

ती म्हणाली, "काका, समजा, एक अर्ज आहे. त्यांत वीस रकाने. प्रत्येक रकान्याशेजारीं एकेक कारकून बसवलेला आहे, पण तो झोंपलेला. तुम्हीं रकान्यांत कांहीं लिहिलेंत आणि पुढच्या रकान्याकडे वळलांत, कीं घंटा वाजते. तो जागा होतो, तुम्हीं लिहिलेलें वाचतो, आंतल्या खोलींत जाऊन मोठी वही उघडतो, आणि तुमच्या लिहिण्यावरून जें कळण्यासारखें असेल तें दुसऱ्या रकान्यांत भरून पुन्हां झोंपतो. या कारकुनांना हुकूम लिहून देणें, हें माझें काम."

तिच्या धंद्याच्या भाषेंत अशा कारकुनाला 'इव्हेंट हँडलर' म्हणतात. मीं त्याचें 'प्रसंगावधानी कारकून' असें बारसें केलें, आणि तें नांव आमच्या घरांत रूढ झालें.

पुढें तिनें सांगितलें तें असें. हे हुकूम बहुधा जावास्क्रिप्ट नांवाच्या भाषेंत लिहिले जातात. अमेरिकेंतील नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक नांवाच्या गृहस्थानें १९९५ सालीं तिचें पहिलें रूप अवघ्या दहा दिवसांत उभें केलें. त्यापूर्वीं जाळ्यावरचा अर्ज म्हणजे टपालाचा व्यवहार होता. सगळा अर्ज भरून दूरच्या यंत्राकडे पाठवावा, आणि 'सातवा रकाना चुकला' एवढा निरोप घेऊन तो परत यावा. आतां चूक जागच्या जागीं दाखवितां येऊं लागली, आणि माहितीहि जागच्या जागीं भरतां येऊं लागली. अर्ज उघडतांच एक कारकून तारीख घालतो. ग्राहकाचा क्रमांक लिहिला कीं दुसरा त्याचें नांव, पत्ता आणि कराचा दर भरतो. तालुका निवडला कीं तिसरा त्या तालुक्यांतल्या गांवांची यादी पुढें धरतो. नग आणि भाव लिहिले कीं चौथा रक्कम मांडतो. 'जमा करा' म्हटलें कीं दाराशीं बसलेला शेवटचा कारकून सारा कागद तपासून, हवा तर तो अडवून धरतो. कारखान्याची मागणी असो, पेढीचें कर्ज असो कीं इस्पितळांतली नोंद असो, व्यापारी अर्जांचा संसार आज या कारकुनांवरच चालतो.

"पण हे कारकून फार सरळ मनाचे असतात, काका," ती म्हणाली. "सांगितलें तेवढेंच करतात. माणसानें रकाना बदलला तर घंटा वाजते. तोच रकाना दुसऱ्या कारकुनानें बदलला, तर ती आपोआप वाजत नाहीं. म्हणजे एकानें तालुका बदलावा आणि गांवांची यादी मात्र जुन्याच तालुक्याची राहावी, असें होतें. शिवाय आंतल्या खोलींत गेलेला कारकून कधीं कधीं फार उशिरां परततो. तोंपर्यंत समोरचा माणूस बदललेला असतो, आणि हा पहिल्याची माहिती दुसऱ्याच्या कागदावर लिहून मोकळा होतो. हें सारें आधींच ध्यानांत घेऊन हुकूम लिहावा लागतो."

"मग एवढा खटाटोप कशासाठीं?" मीं विचारलें.

"एकदां सांगितलेली गोष्ट माणसाला पुन्हां पुन्हां लिहावी लागूं नये, म्हणून," ती म्हणाली.

छत्तीस वर्षें शाळेचीं हजेरीपत्रकें भरलेल्या माणसाला हें उत्तर न आवडतें तरच नवल.

माझी नोकरी बहुतेक सारी घोडेगांवच्या बाजूस झाली. घोडेगांव हें आंबेगांव तालुक्याचें ठाणें. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव पडलें तें मूळ गांव घोड नदीवरच्या डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. परंतु अर्जांतल्या तालुक्यांच्या यादींत तें अजून कोरडें ठणठणीत उभें आहे. या तालुक्याच्या आणि जुन्नरच्या पश्चिम अंगाला, सह्याद्रीच्या कड्यालगत, महादेव कोळी लोकांच्या वाड्यावस्त्या आहेत. भातखाचरांवर त्यांचें पोट चालतें, आणि हातांत रोख पैसा येतो तो हिरड्याचा. चैत्र-वैशाखांत हिरड्याचीं कोंवळीं फळें उतरवून उन्हांत वाळवितात; तीं काळीं पडून सुरकुततात, तोच बाळहिरडा. आपल्या घरोघर बाळाच्या गुटींत उगाळला जाणारा हिरडा अशाच कोणा बाईच्या डोक्यावरून डोंगर उतरून आलेला असतो.

तळेघराच्या बाजूच्या एका वाडींत माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनीं मिळून बाळहिरडा एकत्र विकण्यासाठीं एक लहानसा संघ काढला आहे. हंगामांत महिनाभर तेथें जाऊन पावत्या लिहिण्याचें काम त्यांनीं मजकडे दिलें. गांव, नांव, सभासद क्रमांक, बँकेच्या खात्याचा लांबलचक क्रमांक, वजन, भाव, रक्कम इतकें सारें हातानें लिहावयाचें. आणि बाहेर उन्हांत बायकांची रांग उभी. त्यांची ती तिष्ठत उभी असलेली रांग पाहून माझाच जीव कासावीस होई. एका रविवारीं घरीं आल्यावर मीं सूनबाईजवळ हें काढलें. तिनें पुढच्या दोन रविवारांत मला एक अर्ज तयार करून दिला. गांव निवडावें, नांव निवडावें, कीं उरलेले रकाने डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच भरलेले! मीं फक्त वजन लिहावयाचें. बायका त्याला 'आपोआप वही' म्हणूं लागल्या. रांग झरझर सरकूं लागली, आणि या वयांत आपण यंत्र चालवितों याचा मला थोडा ताठाहि चढला.

त्या वाडींत एकाच आडनांवाचीं घरें अधिक, आणि नांवेंहि देवादिकांचींच. त्यामुळें स्वतःचें नांव, नवऱ्याचें नांव आणि आडनांव, तिन्हीं एकच असलेल्या दोन बायका संघाच्या सभासद होत्या. एक वरच्या आळींतली, एक खालच्या आळींतली. वाडींत त्यांच्याविषयीं घोटाळा कधींच होत नसे. वहींत मात्र कारकून नांव घेऊन आंत जाई, आणि त्या नांवाची पहिली ओळ सांपडली कीं तीच घेऊन परते. दुसरी ओळ आहे कीं काय, हें पाहण्याचा हुकूमच त्याला नव्हता. पहिली ओळ खालच्या आळींतल्या बाईची होती.

वैशाखाच्या अखेरीस वरच्या आळींतल्या आजी अडतीस किलो बाळहिरडा दोन खेपा करून डोक्यावरून घेऊन आल्या. मीं नांव निवडलें, रकाने भरले. आजींना अक्षर येत नाहीं, पण त्या म्हणाल्या, "गुरुजी, मपल्या खात्याचा शेवटला आकडा सात हाय. नातवानं पाठ करून घेतलाय मपल्याकून."

पडद्यावर शेवटीं चार होता. मीं त्यांचें पासबुक मागून घेतलें, सारा क्रमांक एकेक आकडा करून नव्यानें लिहिला, शेवटीं सात आला तो त्यांना सांगितला, आणि त्या समाधानानें मागें सरल्या. मग मीं वजन लिहिलें. भाव आणि रक्कम आपोआप आली. मीं 'जमा करा' दाबलें आणि पुढच्या बाईला हांक मारली.

ज्येष्ठांत एके दिवशीं आजी पुन्हां आल्या. पासबुकांत रक्कम नव्हती. दोनदां त्या गाडीभाडें खर्चून बँकेंत जाऊन आल्या होत्या आणि दोनदां त्यांना "अजून आले नाहींत" एवढेंच ऐकावयास मिळालें होतें. मृग तोंडावर आला होता. त्या पैशांतून भाताचें बी घ्यावयाचें होतें. आणि रोप टाकण्याचे चार दिवस हुकले कीं शेतकऱ्याचें वर्ष हुकतें, हें त्या भागांत शेंबडें पोरहि जाणतें.

मीं त्यांची पावती उघडून पाहिली. खात्याचा शेवटचा आकडा चार! माझ्या पोटांत धस्स झालें. मीं माझ्या हातानें लिहिलेला सात गेला कोठें?

खालच्या आळींतल्या बाईंकडे गेलों. त्यांच्या खात्यांत पैसे आले होते खरे. परंतु त्या बँकेंतहि एक प्रसंगावधानी कारकून बसलेला होता. खात्यांत रक्कम येतांच कर्जाचा थकलेला हप्ता कापून घ्यावा, एवढा त्याला हुकूम, आणि तो त्यानें चोख बजावला होता. त्या बाईंना या साऱ्याचा पत्ताहि नव्हता.

वरच्या आळींत परत जाऊन मीं खिशांतून पैसे काढले. आजींनीं हात मागें घेतला.

"तुमचं नगं, गुरुजी. मपलं हाय त्येच द्या. तुमचं घेतलं, मंजी मपलं बुडालं आसंच व्हईल."

यावर मला बोलतां येईना. त्यांना पैसे हवे होते, पण त्याहून अधिक आपल्या घामाची नोंद आपल्या नांवावर हवी होती. आणि ती माझ्या हातून दुसऱ्याच्या नांवावर गेली होती.

दोन दिवसांनीं खालच्या आळींतल्या बाई भाताच्या बियाचें पोतें डोक्यावर घेऊन वर आल्या आणि आजींच्या ओट्यावर तें टेकवून म्हणाल्या, "पैका बँकेनं गिळला, त्यो मी कुठून काढू? पर बी मपल्या कणगीत हाय. रोप टाक आधी, हिशेब मागून करू." पुढें संघानें बैठक घेऊन आजींची रक्कम आपल्या गंगाजळींतून दिली, आणि दुसऱ्या बाईंनीं ती पुढच्या हंगामांतल्या हिरड्यांतून फेडावी असें ठरलें. रोप वेळेवर पडलें. तें पडलें ही पुण्याई त्या बाईची. माझी नव्हे, आणि यंत्राची तर नव्हेच.

मी जुन्नरास परतलों तो खालीं मान घालून. रात्रीं जेवणें झाल्यावर सारी हकीगत सूनबाईला सांगितली. तिनें लॅपटॉप उघडला, आपले हुकूम वाचीत गेली, आणि थोड्याच वेळांत तिचा चेहरा उतरला.

"काका, चूक माझी आहे. नांवावरून शोधावयास लावलें ही पहिली. पण दुसरी अधिक वाईट. वजन लिहिलें कीं रक्कम मांडावी, एवढाच हुकूम हवा होता. मीं कंटाळा केला. प्रत्येकाला वेगळा हुकूम न लिहितां सगळ्यांना मिळून एकच लिहिला, कीं कोणताहि रकाना बदलला तरी वही उघडून सगळे रकाने नव्यानें भरा. तुम्हीं सात लिहिलात, मग वजन लिहिलेंत. घंटा वाजली. कारकून आंत गेला आणि पुन्हां चार घेऊन आला."

"आणि तुझा माझा सात खोडला? मुकाट्यानें?"

"मुकाट्यानें. बदललें तर सांगावें, असा हुकूम मीं दिला नव्हता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलें. मीं म्हटलें, "एकट्या स्वतःला दोष देऊं नको. शेवटचें बटण माझ्या बोटानें दाबलें. मी दुरुस्ती करून निश्चिंत झालों. पुन्हां वर पाहिलें नाहीं."

त्या रात्रीं अंथरुणावर पडल्या पडल्या मी याचाच विचार करीत होतों. मीं पुन्हां कां पाहिलें नाहीं? आळसानें नव्हे. साठ-पासष्ट वर्षें माझ्या डोळ्यांना कागदाची संवय. कागदावर शाईनें सात लिहिला, कीं तो सातच राहतो. आपली पाठ वळली म्हणून त्याचा चार होत नाहीं. पडद्यावरचा अर्ज दिसतो हुबेहूब कागदासारखा, तसेच रकाने, तशाच ओळी. म्हणून आपण त्याच्यावर कागदाचाच विश्वास टाकतों. परंतु तो कागद नव्हे. ती माणसांनीं भरलेली खोली आहे, आणि तेथें आपण एकटेच लिहीत नाहीं. हातानें भरलेल्या अर्जाच्या चुका थकव्याच्या असत. अर्धवट अक्षर, सुटलेला आकडा. त्या पाहतांच डोळ्याला खुपत. आपोआप भरलेल्या अर्जाची चूक मात्र सुरेख, पूर्ण आणि नीटनेटकी असते. ती खुपत नाहीं, म्हणूनच ती पुढें जाते.

सकाळीं चहाच्या वेळीं वहिनी म्हणाल्या, "दुधाला 'उतूं नको' म्हणून सांगून भागत नाहीं बाई. उतरवीपर्यंत उभें राहावें लागतें." सूनबाई हंसली, आणि त्याच दिवशीं ती नवे हुकूम लिहावयास बसली.

ते हुकूम असे. नांवावरून कांहींच भरावयाचें नाहीं. संघानें प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्यावा, दोघांना तो एकच कधीं नसावा, आणि त्यावरूनच वही उघडावी. कोणी नांवानेंच शोधूं गेला आणि दोन ओळी सांपडल्या, तर कारकुनानें निवड करूं नये. दोन्ही ओळी आळीसकट पुढें ठेवून माणसाला विचारावें. ज्याचा जो रकाना तेवढ्यालाच त्यानें हात लावावा. वजनाच्या कारकुनानें खात्याकडे पाहूंहि नये. माणसानें एकदां हातानें लिहिलेलें कोणत्याहि कारकुनानें खोडूं नये. वहींत निराळें असेल, तर दोन्ही शेजारीं शेजारीं दाखवून थांबावें. कारकुनानें भरलेलें निळ्या अक्षरांत आणि माणसानें भरलेलें काळ्या अक्षरांत दिसावें.

मीं म्हटलें, "आणि शेवटीं 'वाचून दाखविलें' असा एक रकाना ठेव. त्यांत खूण केल्याशिवाय पावती पुढें जाऊं नये."

तिनें मान हलविली. "त्या खुणेची चार दिवसांत संवय होते, काका. न वाचतांच लोक खूण करतात. त्याऐवजीं असें करूं. तुम्हीं पावती वाचावयाची, आणि सभासदानें आपल्या खात्याचे शेवटचे दोन आकडे तोंडानें सांगावयाचे. ते तुम्हीं लिहावयाचे. वरच्या क्रमांकाशीं जुळले तरच पावती जमा होईल. हा एक रकाना कोणीहि कारकून भरणार नाहीं."

आजोबा असते तर त्यांनीं तिला आपलें कलमदान देऊन टाकलें असतें, असें मला त्या क्षणीं वाटलें.

या गोष्टीनंतर मी आमच्या भागांतले जुने-नवे कागद निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. एकाच नांवाचा घोटाळा कांहीं आजचा नव्हे. जुन्नर तालुक्यांत पिंपळगांव जोगे आहे. आंबेगांवांत पिंपळगांव तर्फे घोडे आहे आणि पिंपळगांव तर्फे महाळुंगेहि आहे. 'तर्फ' म्हणून जो मुलखाचा जुना विभाग होता, तो कारभारांतून कधींच गेला. पण दप्तरदारांनीं गांवाच्या नांवाला बांधलेली ती गांठ अजून सुटलेली नाहीं. नुसतें 'पिंपळगांव' लिहून भागणार नाहीं हें त्यांना पक्कें ठाऊक होतें. सूनबाईनें सभासदाला क्रमांक दिला तो याच बुद्धीनें. मुलांच्या सरकारी कागदांत आईचें नांव वडिलांच्या नांवाआधीं लिहावें, असें महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं ठरविलें. त्यांत मातेचा मान तर आहेच. शिवाय एकाच नांवाच्या दोन माणसांना निराळें ओळखण्याची एक खूणहि त्यांतून सहज मिळते. मात्र ज्या कारकुनांना 'नांव, वडिलांचें नांव, आडनांव' अशी माळ ओवण्याचा हुकूम होता, त्या साऱ्यांचे हुकूम नव्यानें लिहिणें आलें!

सातबाऱ्याची गोष्टहि अशीच. पूर्वीं खरेदीखत झालें कीं तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागत. आतां नोंदणी होतांच ती वार्ता यंत्रांतून महसुलाकडे जाते आणि फेरफाराची नोंद उभी राहते. परंतु ती उभी राहतांच पक्की होत नाहीं. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस ठेवलेले असतात, आणि त्यानंतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. त्या पंधरा दिवसांना लोक 'सरकारी दिरंगाई' म्हणतात. पूर्वीं मीहि म्हणत असें. आतां मला तो पडद्यावरचा चार आठवतो. हस्तलिखित सातबारे यंत्रांत चढवितांना चुका राहिल्या, तेव्हां २०१७ सालीं गांवोगांवीं चावडीवाचनें झालीं. उतारे गांवासमोर वाचून दाखविण्यांत आले आणि हरकती घेतल्या गेल्या. पुढें २०१८ सालच्या महाराष्ट्रदिनीं डिजिटल सहीचे सातबारे सुरू झाले. एवढें मोठें यंत्र उभें करूनहि शेवटीं चावडीवर बसून मोठ्यानें वाचावेंच लागलें, यांत यंत्राची फजिती आहे असें मला वाटत नाहीं. यंत्रानें लिहावें, आणि ज्याचें आहे त्याच्यासमोर माणसानें वाचावें, अशी ही कामाची वांटणी आहे.

आपोआप भरणाऱ्या अर्जाविषयीं मी तक्रार करीत नाहीं. रांगेंत उभ्या असलेल्या बायकांचे तास त्यानें वांचविले, हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. माझें म्हणणें इतकेंच, कीं वांचलेल्या वेळांतला थोडासा वेळ त्या अर्जालाच परत द्यावा. पूर्वीं पावती लिहावयास दहा मिनिटें लागत. आतां लिहावयास एक लागतें, तर वाचावयास एक द्यावें. तरीहि आठ उरतात.

परवांच्या चैत्रांत मी पुन्हां त्या वाडींत गेलों. पहिल्याच दिवशीं वरच्या आळींतल्या आजी आल्या. मीं क्रमांक लिहिला. निळ्या अक्षरांत रकाने भरले. वजन काळ्या अक्षरांत लिहिलें. मग चष्मा सांवरून पावती मोठ्यानें वाचूं लागलों. मागच्या बायका गप्प राहिल्या. आजींच्या पाठीमागें खालच्या आळींतल्या त्यांच्या नांवाच्या बाई उभ्या होत्या, त्याहि कान देऊन ऐकत होत्या.

"आतां शेवटचे दोन आकडे सांगा," मीं म्हटलें.

आजींनीं ते सांगितले. शेवटचा सात. मीं तो लिहिला. पावती जमा झाली. पण आजी जागच्या हलल्या नाहींत.

"काय झालें, आजी?"

"पुन्यांदा वाचा, गुरुजी," त्या म्हणाल्या. "सात ऱ्हायला का बगा."

मीं पुन्हां वाचलें. सात राहिला होता.